विटाळ आणि कॅमेरा

मासिक पाळी हा छायाचित्रणाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट जगात रुजायला लागून साठ वर्षेही झालेली नाहीत. स्त्रीचे शरीर मात्र कॅमेऱ्याच्या जन्मापासून त्याच्यासमोर आहे. नटलेली, दागिन्यांनी मढलेली, विवस्त्र, गरोदर, कडेवर लेकरू घेतलेली अशा सगळ्या रूपांत बाईचे फोटो निघाले. पाळीचा फोटो मात्र निघाला नाही. अडचण तंत्राची नव्हती. ज्या गोष्टीचे नावही सरळ घ्यायचे नाही, जिला ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’, ‘बाहेरची झाली’, ‘बाजूला बसली’ असे आडून म्हणायचे, तिचे चित्र कोण काढणार आणि कोण भिंतीवर लावणार?

विटाळाच्या नियमांत स्पर्शाइतकेच महत्त्व दिसण्याला आहे. चार दिवस देवघरात जायचे नाही, लोणच्याच्या बरणीला आणि पापडाच्या पिठाला हात लावायचा नाही, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचे, हा झाला स्पर्शाचा भाग. पण कापडाची घडी कुणाच्या नजरेस पडू नये, डाग दिसू नये, दुकानातून आणलेली पुडी वर्तमानपत्रात गुंडाळूनच घरी यावी, ही सगळी दिसण्याचीच बंधने आहेत. त्याची किंमत शरीर मोजते. धुतलेले कापड दोरीवर परकराखाली किंवा मोरीच्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. तिथे त्याला ऊन लागत नाही, ते दमट राहते आणि तेच पुन्हा वापरल्याने जंतुसंसर्ग होतो. डॉक्टर सांगतात, कापड कडक उन्हात वाळवा. घर सांगते, कुणाला दिसता कामा नये. ज्या निषेधाचा अर्धा डोलारा ‘दिसू नये’ यावर उभा आहे, त्याच्याशी छायाचित्राची गाठ पडणे अटळच होते.

ही गाठ उमरग्याच्या भागातून पाहू. उमरगा हा धाराशिव जिल्ह्याचा कर्नाटकाला खेटलेला तालुका, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचा. विटाळ पाळणारी घरे जशी या भागात आहेत, तसाच विटाळ साफ नाकारणारा विचारही याच मातीतला आहे, आणि त्याचा विसर पडणे फार नुकसानीचे आहे. सीमेपलीकडे जवळच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णा आणि त्यांच्या शरण साथीदारांनी जी लिंगायत चळवळ उभी केली, तिने पाच सुतके मानायचे नाकारले. जन्माचे, मरणाचे, उष्ट्याचे, जातीचे, आणि पाचवे रजाचे, म्हणजे पाळीचे. गळ्यात इष्टलिंग असलेल्या बाईला कोणत्याच दिवशी पूजेची आडकाठी नाही, हे त्या विचाराचे सरळ फलित होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनीही हाच मुद्दा शरीराच्या अंगाने मांडला. नाक, कान, डोळे अशा नऊ द्वारांतून जसे स्राव येतात, तसाच हा एक, त्यात विटाळ कसला, हा त्यांचा युक्तिवाद महानुभाव वाङ्मयात नोंदलेला आहे. संत सोयराबाईंनी देहाच्या विटाळावर अभंगातून प्रश्न केला, तोही याच परंपरेतला. आज या भागातील अनेक लिंगायत घरांतसुद्धा चार दिवस बाजूला बसणे चालते. विचार जुना आणि आपला असूनही आचार वेगळ्याच वाटेने गेला.

चित्रांचेही तसेच. धाराशिव जिल्ह्यातले तेर हे सातवाहनकाळातले भरभराटीचे व्यापारी नगर. तिथे सापडलेल्या मृण्मूर्तींत लज्जागौरीची छोटी रूपे आहेत. उताणी, दोन्ही गुडघे बाजूला फाकवलेली, योनी समोर उघडी. या मूर्तीच्या अनेक नमुन्यांत डोके नसते, त्या जागी उमललेले कमळ असते. प्रसूतीला बसलेल्या बाईची, म्हणजेच पिकणाऱ्या भूमीची ही देवता. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ लिहून तिचा संबंध यल्लम्मा, रेणुका आणि वारुळपूजेशी उलगडून दाखवला. एकेकाळी तळहातावर मावणारी ही मूर्ती श्रद्धेने घरात ठेवली जात असेल, तर आज पाठ्यपुस्तकात तिचा फोटो छापायला संपादक कचरतो. बसवकल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत आलेल्या अक्कमहादेवीचेही असेच झाले. तिने वस्त्र टाकले होते. कॅलेंडरवरच्या तिच्या चित्रात मात्र केस इतके लांब आणि दाट रंगवतात की अंगाचा कण दिसू नये. संत म्हणून ती चालते, तिचे शरीर चालत नाही.

कॅमेरा या प्रदेशात आला तेव्हा उमरगा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिला. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. पडद्यातल्या स्त्रियांना फोटो हवे होते, पण परपुरुषासमोर बसता येत नव्हते. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि त्याचा कारभार मिसेस केनी-लेव्हिक या बाईंकडे सोपवला. आत सगळा व्यवहार बायकांचा. शरीराच्या छायाचित्रणात कॅमेरा कुणाच्या हाती आहे या प्रश्नाला इथे, मराठवाड्याच्या तेव्हाच्या राजधानीत, सव्वाशे वर्षांपूर्वीच एक उत्तर शोधले गेले होते. अर्थात तो स्टुडिओ श्रीमंत घराण्यांसाठी होता. शेतात राबणाऱ्या बाईला तो कधी दिसलाही नसेल.

मराठीत शरीराविषयीची लाज उघडपणे मोडायचा पहिला ठाम प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. १९२७ च्या जुलैत सुरू झालेले त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत चालले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर पाहण्याची सवय झाली की त्याविषयीची विकृत उत्सुकता संपते, अशी कर्व्यांची भूमिका होती. आत संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शंका यांवर रोखठोक मजकूर असे. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्वे खटला हरले, त्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांचे धैर्य वादातीत आहे. एक उणीव मात्र नोंदवलीच पाहिजे. मुखपृष्ठावरची स्त्री पाहण्यासाठी होती, तिला काय म्हणायचे आहे हे त्या चित्रातून कळत नव्हते. ती उणीव भरून निघायला स्त्रियांच्या हाती कॅमेरा यावा लागला.

१९७१ मध्ये अमेरिकी कलावती जुडी शिकागो हिने ‘रेड फ्लॅग’ नावाचे छायाशिलामुद्रण केले. चौकटीत फक्त कमरेखालचा भाग आणि एक हात, जो रक्ताने भिजलेला टॅम्पॉन काढतो आहे. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना ते काय आहे हेच उमगले नाही. रोज जगातल्या कोट्यवधी बायका जे करतात ते चित्रात ओळखू येऊ नये, यातच त्या चित्राची गरज सिद्ध झाली. पुढे २०१५ मध्ये पंजाबात जन्मलेली कॅनडातली कवयित्री रूपी कौर हिने बहीण प्रभ हिच्या साथीने पाळीवर छायाचित्रमालिका केली. त्यातल्या सर्वात गाजलेल्या फोटोत एक मुलगी भिंतीकडे तोंड करून अंथरुणावर पडली आहे. राखाडी विजारीवर एक डाग, चादरीवर एक. अंगभर कपडे आहेत, चेहरा दिसत नाही. इन्स्टाग्रामने तो फोटो दोनदा काढून टाकला आणि गदारोळ झाल्यावर माफी मागून परत ठेवला. त्याच इन्स्टाग्रामवर तोकड्या कपड्यांतल्या असंख्य बायका सुखाने नांदत होत्या. त्याच वर्षी भारतात ‘हॅपी टू ब्लीड’ मोहिमेत तरुणींनी सॅनिटरी पॅडवर घोषणा लिहून आपले फोटो प्रसिद्ध केले. शबरीमला देवस्थानाच्या प्रमुखाने पाळी तपासणारे यंत्र येईल तेव्हा बायकांना आत सोडू, अशा अर्थाचे विधान केले होते, त्याला हे उत्तर होते. जाहिरातींना तेवढेही धाडस लवकर झाले नाही. पॅडवर ओतलेला द्रव कित्येक दशके निळाच राहिला.

रक्त दाखवणे हाच या छायाचित्रणाचा एकमेव मार्ग नाही. पौलोमी बसू या कोलकात्याच्या छायाचित्रकर्तीने नेपाळमधील छाउपडी प्रथेवर ‘अ रिच्युअल ऑफ एक्झाइल’ हे काम केले. तिच्या फोटोंत बायकांना पाळीच्या दिवसांत ज्या गोठ्यासारख्या झोपड्यांत राहावे लागते त्या झोपड्या आहेत, थंडी आणि अंधार आहे, त्यात अंग चोरून बसलेल्या मुली आहेत. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच ही प्रथा बेकायदा ठरवली होती, तरी झोपड्यांतले मृत्यू थांबले नाहीत. पुढे २०१७ मध्ये तो फौजदारी गुन्हा झाला. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या माडिया गावांमध्ये ‘कुर्माघर’ आहे. तिथेही पडक्या झोपडीत दिवस काढावे लागतात. त्या झोपड्यांचे फोटो छापून आले, तेव्हा शहरी वाचक हादरला. मग एका संस्थेने काही गावांत पक्की, खाटा आणि पाणी असलेली कुर्माघरे बांधून दिली. झोपडी सुधारावी की प्रथाच मोडावी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. फोटोने प्रश्न दाखवला. उत्तर शोधणे गावातल्या बायकांवाचून होणार नव्हते.

उमरग्याच्या वाचकाला सर्वात जवळचा दाखला मात्र उसाच्या फडावरचा आहे. उमरगा-लोहारा भागात ऊस आहे, मुरूमसारख्या गावांत साखर कारखाने आहेत, आणि गाळप हंगाम सुरू झाला की फडाकडेला टोळ्यांच्या खोपी उभ्या राहतात. बीड-धाराशिवचे हजारो लोक तोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. या धंद्याचा हिशेब ‘कोयत्या’ने होतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचे. नवरा तोडतो, बायको पाला सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढवते. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ लागतो आणि दंड जोडीच्या नावावर पडतो. पाळीच्या दिवसांतही मोळीचे वजन तेवढेच असते. खोपीजवळ संडास नसतो, न्हाणी म्हणजे साडीचा आडोसा, पाणी दूर. कापड बदलायला उसाची सरी. अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे सुरू झाले की बाई हंगाम संपायची वाट पाहते, आणि गावी परतल्यावर दवाखान्यात तिला सांगितले जाते, गर्भाची पिशवी काढून टाका.

२०१९ मध्ये हा प्रकार बातम्यांतून उघड झाला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ढोबळ हिशेबाने सहातली एक. त्यांतल्या अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते. कोवळ्या वयात लग्न, लवकर बाळंतपणे, मग पाळी ही कामातली अडचण, आणि शेवटी अडचणीचे मूळच कापून टाकण्याचा सल्ला, अशी ही साखळी आहे. वय लहान असताना गर्भाशयासोबत बीजकोषही काढले तर हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, काम आणखी जड जाते, हे त्या बायकांना कुणी आधी सांगितले नव्हते.

या प्रश्नावर देशी-परदेशी छायाचित्रकार आले. क्लोए शारॉक या फ्रेंच छायापत्रकार महिलेने ‘शुगर गर्ल्स’ ही मालिका केली. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातील साखरेवर मोठा वृत्तांत छापला. त्याची छायाचित्रे सौम्या खांडेलवाल या भारतीय छायाचित्रकर्तीने काढली होती. साखर घेणाऱ्या जगप्रसिद्ध कंपन्यांना त्यानंतर जाब द्यावा लागला. इथे छायाचित्रकाराची खरी कसोटी लागते. काढलेली पिशवी दाखवता येत नाही. जे शरीरातून गेले ते चित्रात कसे आणायचे? म्हणून कॅमेरा कामाकडे वळतो. डोक्यावरची मोळी, पाचटाने ओरबाडलेले हात, खोपीतले अंथरूण, पदराखालचा शस्त्रक्रियेचा व्रण. हाच मार्ग पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘दृश्य काम, अदृश्य स्त्रिया’ या आशयाच्या प्रदर्शनात घेतला होता. १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत काढलेले ते फोटो ग्रामीण बायकांच्या श्रमाचे आहेत. बाईच्या शरीराकडे आधी राबणारे शरीर म्हणून पाहिले की पाळीचा प्रश्न आपोआप मजुरीच्या, पाण्याच्या आणि रजेच्या प्रश्नात येऊन बसतो. लाजेच्या चर्चेपेक्षा ही चर्चा कितीतरी उपयोगाची आहे.

याच कॅमेऱ्याची दुसरी बाजू जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरला दिसली. एका खाजगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले. त्यांचे फोटो काढून सभागृहात प्रोजेक्टरवर मुलींना दाखवण्यात आले, पाळी कुणाची चालू आहे ते विचारण्यात आले, आणि काही मुलींची कपडे उतरवून तपासणी झाली. पाचवी ते दहावीच्या मुली होत्या. पालक रस्त्यावर उतरले, मुख्याध्यापिकेसह दोघींना अटक झाली. डागाचा फोटो रूपी कौरनेही दाखवला होता आणि या शाळेनेही दाखवला. पहिल्या फोटोत मुलगी स्वतःचे शरीर आपल्या मर्जीने मांडते. दुसऱ्यात सत्ता असलेला माणूस मुलीच्या शरीराची झडती घेतो. फोटो काढणारी बाई आहे की पुरुष, एवढ्याने भागत नाही. शहापूरला तपासणी करणाऱ्या बायकाच होत्या.

कायद्यानेही हा भेद हळूहळू ओळखला. १९६४ च्या रणजित उदेशी निकालात सर्वोच्च न्यायालयाने इंग्रजी ‘हिक्लिन’ कसोटी मानली होती. कमकुवत मनावर मजकुराचा काय परिणाम होईल, हे त्या कसोटीत पाहिले जाई. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात ती मागे पडली. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचा नग्न फोटो वर्णद्वेषाविरुद्धचे विधान म्हणून छापला होता, त्यात अश्लीलता नाही, आणि चित्र संपूर्ण संदर्भासह, समकालीन समाजाच्या मापाने पाहायला हवे, असे न्यायालयाने सांगितले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चित्रकार सूझा आणि अकबर पदमसी यांची सीमाशुल्क विभागाने अडवलेली नग्नचित्रे सोडायला लावली. उलट, संमतीविना कुणाच्या शरीराच्या खाजगी भागाचा फोटो काढणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शाळेतल्या प्रत्येक मुलीला आणि प्रत्येक शिक्षकाला हे कलम माहीत असले पाहिजे.

संमती म्हणजे कागदावरची सही एवढेच नव्हे, हे दाखवणारी कामेही आहेत. छायाचित्रकर्ती शीबा छाछी हिने दिल्लीतील स्त्रीचळवळीतल्या कार्यकर्त्यांचे मोर्च्यांतले फोटो आधी नेहमीच्या पद्धतीने काढले. नंतर तिला वाटले की या बायका फक्त मुठी उगारलेल्या दिसत आहेत. मग ‘सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम’मध्ये तिने त्याच बायकांना जागा, वस्तू आणि बसण्याची ढब ठरवायला सांगितली. त्याहून पुढचे पाऊल चीनच्या युनान प्रांतात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पडले. कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बुरिस यांनी स्त्रियांच्या प्रजनन-आरोग्याच्या कार्यक्रमात ६२ शेतकरी बायकांच्या हाती कॅमेरे दिले. त्यांनी आपल्या जगण्याचे फोटो काढले, त्यांवर आपसांत बोलल्या आणि ते धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडले. या पद्धतीला पुढे ‘फोटोव्हॉइस’ म्हणू लागले आणि ती जगभर गेली.

धाराशिव जिल्ह्यात हे करायला लागणारी माणसे आहेत. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, आशाताई आहेत, बचत गट आहेत, आणि मोबाइलमधला कॅमेरा आता बहुतेक घरांत आहे. डोहाळजेवणात चंद्र आणि होडीचा देखावा मांडून गरोदर सुनेचे फोटो काढणारे फोटोग्राफर तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या गावात आहेत. गरोदर पोटाचा अल्बम अभिमानाने पाहुण्यांना दाखवणाऱ्या समाजाला, ज्या पाळीमुळे ते पोट शक्य झाले तिच्याविषयी बोलता येणार नाही असे नाही. गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. उमरगा आणि मुरूमच्या महाविद्यालयांनी, फोटोग्राफरांनी, स्थानिक वार्ताहरांनी यंदा फडावर जाताना आशाताईला बरोबर घ्यावे. आधी बोलावे, मग विचारावे, नाही म्हणाली तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. काढलेला फोटो तिथेच तिला दाखवावा, नको असेल तर तिच्यासमोर पुसावा, आणि छापून यायच्या आधी पहिली प्रत तिच्या हातात द्यावी.